डोहासाठी केलेला अर्ज

ज्या वाक्याच्या आधारे एका निरपराध माणसाला चोर ठरवण्यात आले, ते वाक्य मी लिहिले होते. ते खोटे नव्हते, त्यात अतिशयोक्ती नव्हती, आणि ते लिहिण्यामागे त्याच माणसाचा हक्क शाबीत करण्याचा हेतू होता. हे तिन्ही मुद्दे मी पुढे निरनिराळ्या कचेऱ्यांना अनेकवार कळवले. एकाही कचेरीने ते खोडून काढले नाहीत आणि एकाही मुद्द्याने त्या माणसाचे काडीचे भले झाले नाही.

मी अर्जनवीस होतो. तहसिलीच्या कचेरीसमोर चिंचेखाली पेटी मांडून बसायचे आणि लोकांचे अर्ज, कैफियती, हरकती लिहून द्यायच्या, हा माझा धंदा. घरी धानाची शेती होती. आमचे पूर्वज माळव्यातून आलेले. नांगर सोडून टाक हाती धरणारा घराण्यातला मी पहिलाच, आणि वडिलांना ते शेवटपर्यंत रुचले नाही. परंतु लिहिलेल्या शब्दावर माझी निष्ठा होती. जे लिहिलेले नाही ते बळकटाच्या मर्जीवर चालते आणि लिहिले की दुबळ्यालाही त्याचा आधार मिळतो, असे मी मानत असे. चूक झाली ती इथूनच, हे आज दिसते.

केशोरीच्या अलीकडे गाढवी नदीच्या एका वळणावर तो डोह होता. गाढवी माघापासून बारीक होत जाते, फाल्गुनात तिची धार खडकांमधून कशीबशी निघते आणि चैत्रात तीही खुंटते. मग पात्रात वाळू, खडक आणि अंतराअंतरावर डोह एवढेच उरते. हा डोह त्यांत सर्वांत खोल. काठावरचा एक जुना मोह पाण्यावर असा ओणवला होता की त्याची निम्मी फुले जमिनीवर पडतच नसत. होळीनंतरच्या सकाळी तिथे उभे राहिले की फुले एकेक करून पाण्यावर पडताना ऐकू येत. पडलेले फूल जागच्या जागी हलत राही. मग खालून एक काळसर पाठ वर येई, तोंड उघडून मिटे, पाण्यावर एक वर्तुळ उमटे आणि फूल नाहीसे झालेले असे. तो मासा महाशीर जातीचा असावा. काठावरची माणसे त्याला नुसती मासोरीच म्हणत.

मी तो डोह पहिल्यांदा पाहिला स्वातंत्र्याच्या वर्षीच्या चैत्रात. जायच्या तयारीत असलेला एक गोरा जंगलसाहेब मुक्कामाला आला होता आणि त्याचे अर्जफाटे वाचून दाखवण्यासाठी मला सोबत नेले होते. त्याच्यापाशी पिसांची आणि रेशमाची बारीक बारीक पाखरे होती. ती तो गरीला, म्हणजे गळाला, बांधून लांब दोरीने पाण्यावर अलगद टाकी. त्याच्या मुलुखात मासे असेच धरतात, असे तो म्हणाला. तीन सकाळ त्याने पाखरे टाकली. मासे त्याच्या पाखराच्या वीतभर अंतरावरचे मोहफूल गिळत आणि पाखराला वळसा घालून खाली जात.

काठावर एक प्रौढ ढिवर, म्हणजे आमच्याकडचा कोळी, हे सारे बघत बसला होता. डोहाच्या वरच्या अंगाला ढिवरांची पाच घरे होती, त्यांतल्या एका घरचा तो कर्ता. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि साहेबाला म्हणाला, "साहेब, येथच्या मासोरीनं तुमच्या मुलुखातलं पाखरू कधी पायलंच नाई. तं थे खाईन कायले?"

मी भाषांतर करून सांगितले. साहेबाने हाताने खूण केली, की तू टाकून दाखव.

ढिवराने कमरेच्या पिशवीतून भेंडाचे एक फूल काढले. भेंड म्हणजे ज्याची बाशिंगे करतात ती तळ्याकाठची पांढरी, हलकी वनस्पती. ती कोरून त्याने हुबेहूब मोहफूल केले होते, आत पोकळ, तोंडाशी किंचित दुमडलेले. आदल्या दिवशीच्या फुलांच्या रसात ते भिजवलेले असल्यामुळे वासही तोच. फुलाच्या पोटात गरी. काठी साध्या बारीक बांबूची, दोरी घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेली. ना शिसे, ना तरंगी. खरी फुले पडत होती त्यांच्या मधोमध त्याने आपले फूल पाडले. मी 'पाडले' म्हणतो, कारण ते टाकल्यासारखे पडलेच नाही. दोन फुलांनंतर पाण्यावर वर्तुळ उमटले आणि काठी वाकली. साहेबाने डोक्यावरची टोपी काढून हाती धरली.

त्या माणसाला मी पुढे मामाजी म्हणू लागलो. नाते काही नव्हते. दर चैत्रात कचेरीला सुटी असेल त्या दिवशी मी डोहावर जाई आणि तो मला शिकवी. मी वाईट विद्यार्थी होतो.

"हात नोको हालवू गा बाबू."

"हलवला नाही."

"हालवलास. मोवाचं झाड कधी हात हालवते का? फूल सुटते अना पडते, बस. तू तं अर्ज दाखल करून राहिलास पान्यात."

त्याची बायको, मामी, मोह वेचता वेचता हसे. "त्याले तेच येते," ती म्हणे, "तुमी कायले छळता?"

डोहाला एक रीत होती. होळीपासून मोह संपेपर्यंत पाण्यात जाळे पडायचे नाही, गांडूळ लावायचे नाही, विषारी फळ कुटून टाकायचे नाही. फक्त भेंडाचे फूल, आणि एका घराने एका सकाळी एकच मासा घ्यायचा. उन्हाळ्यात मासे तिथे कोंडलेले असतात. त्या दिवसांत जाळे टाकले तर पावसाळ्यात अंडी घालायला कोणी उरणार नाही, हे त्या पाच घरांना कोणी शिकवावे लागले नव्हते. पावसाळ्यानंतर जाळी निघत, आणि त्यावर ती घरे जगत. गावाचा जमीनदार, म्हणजे मालगुजार, वर्षाचा पहिला मासा मागे आणि दुसऱ्याकडे बघतही नसे. हे सारे कोणी कधी लिहिले नव्हते.

मग मालगुजारी गेली. मालगुजारांचे सारे हक्क सरकारात जमा झाले, तळी, जंगले, गवताळ रानेसुद्धा. गावात गूळ वाटला. मीही खाल्ला. आणि आठवड्याभराने, दुसऱ्याच एका कामासाठी कचेरीतला गावाचा वाजिब-उल-अर्ज चाळताना माझ्या लक्षात आले की रयतेच्या वहिवाटीचा हा जो कागद, त्यात तळ्याच्या पाण्याची नोंद आहे, सरपणाची आहे, गवताची आहे, अगदी मेलेल्या जनावराच्या कातड्याची आहे, पण डोहाची नाही.

मी तडक डोहावर गेलो. मामाजी जाळे दुरुस्त करत बसला होता.

"मामाजी, डोह कागदावर नाही."

"कागदावर कसा राहीन? वला नाई होनार का कागद?"

"थट्टा नको. मालगुजार गेला. उद्या कोणी विचारले की इथे मासे धरण्याचा तुमचा हक्क कशावरून, तर काय सांगाल?"

"सांगीन का धरून राहिलो. माहा बाप धरे, त्याचा बाप धरे."

"तो पुरावा होत नाही."

"मंग त्या पुराव्याले म्हना, ये, चार दिस बस माह्यासंगं."

मी त्याला समजावले. नवे सरकार आपले आहे, कायद्यात निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या, हक्कांसाठी सोय आहे, अर्ज केला की चौकशी होईल, नोंद होईल आणि त्याच्या नातवंडांनाही कोणी उठवू शकणार नाही. तो ऐकत होता, पण त्याचे हात थांबले नव्हते. शेवटी म्हणाला, "आजपावतर कोनी पुसलं नाई. तू जाऊन सांगशीन, मंग पुसतीन."

"ते विचारण्यापूर्वी आपण सांगितलेले बरे."

"लिवू द्या ना त्याले," मामी म्हणाली. "इतका शिकला हाये, तं कोठीतरी लिवलंच पायजे त्यानं."

तेवढ्या विनोदावर त्या घराने मला परवानगी दिली.

असा अर्ज मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही. अकरा परिच्छेद, सोबत हाताने काढलेला नकाशा. डोहाची खोली मी दोरी सोडून मोजली. माशांचे वर्णन केले, रीत सविस्तर लिहिली, पाच घरांच्या तीन पिढ्या मांडल्या. आणि सातव्या परिच्छेदात, ही रीत किती आवश्यक आहे हे पटावे म्हणून लिहिले: 'ग्रीष्मकाळी प्रवाह खुंटून सदर डोह दोन्ही बाजूंनी बंद होतो व त्यातील मत्स्य अन्यत्र जाऊ शकत नाहीत.' वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून पाहिले होते, हेही आठवते. मामाजीने अर्जाखाली अंगठा उठवला आणि बोट वाळूत पुसले.

उत्तर येण्यास आठ महिने लागले. त्यात म्हटले होते की अभिलेखात अशा निस्ताराची नोंद आढळत नाही. मात्र अर्जदाराच्याच वर्णनावरून सदर डोह उत्तम मत्स्यस्थान असल्याचे दिसून येत असल्याने त्याचा समावेश येत्या वर्षाच्या लिलावाच्या यादीत करण्यात आला आहे. नकाशाबद्दल आभार मानले होते.

मी तो कागद तीन वेळा वाचला. मग माझ्या पेटीसमोर एक म्हातारी नातवाच्या नावावर जमीन चढवण्याचा अर्ज घेऊन उभी होती, तिला मी म्हणालो, आज नाही. अर्जनवीस म्हणून मी कोणाला परत पाठवल्याची ती पहिली वेळ.

डोह गोंदियाकडच्या एका ठेकेदाराने घेतला. रस्त्याची खडी फोडण्याचे त्याचे मुख्य काम, मासे हा जोडधंदा. फाल्गुन लागताच त्याची माणसे मोठी जाळी घेऊन आली. मी त्याला रीत सांगायला गेलो. बैलगाडीवर बसून तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "बाबूजी, यह रीत पट्टे में लिखी है?"

"नाही."

"तो फिर आपने लिखवाई क्यों नहीं? आप तो लिखते हैं न?"

त्याच्या माणसांना हसू आवरेना.

मामाजीने काय करावे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण मी सांगितले नव्हते. लिलाव म्हणजे नेमके काय हे मी त्याला समजावून देणार होतो; आधी लिलावावर मी घेतलेल्या हरकतीचा निकाल लागू द्यावा, मग बोलावे, असे ठरवून मी थांबलो होतो. चैत्रातल्या एका सकाळी मोह पडू लागला तसा तो दरवर्षीप्रमाणे काठी घेऊन काठावर गेला. जाळ्यांतून वाचलेला एक मासा वर आला. तो त्याने धरला आणि ठेकेदाराच्या राखणदाराने त्याला धरले.

खटला चोरीचा. वकील कोवळा होता, पण मुद्दा मी काढून दिला होता आणि तो पक्का होता. नदीतला मासा वन्य जीव आहे. जोवर धरला जात नाही तोवर तो कोणाच्याच ताब्यात नसतो. आणि जे कोणाच्या ताब्यात नाही त्याची चोरी होऊ शकत नाही. वकिलाने हे चांगले मांडले. मॅजिस्ट्रेटने मानही हलवली. मी मागच्या बाकावर बसून सुटकेचा हुकूम कसा लिहिला जाईल त्याची शब्दरचनाही मनात केली.

तेव्हा सरकार पक्षाने एक कागद पुढे केला. दुरूनही मी माझे अक्षर ओळखले.

सातवा परिच्छेद वाचण्यात आला. डोह दोन्ही बाजूंनी बंद होतो. मासे अन्यत्र जाऊ शकत नाहीत. म्हणजे, सरकार पक्ष म्हणाला, हे वाहत्या नदीतले स्वैर मासे नव्हेत. हे तळ्यात कोंडलेल्या माशांसारखे पट्टेदाराच्या ताब्यातले मासे होत. आणि हे आम्ही म्हणत नाही, आरोपी म्हणतो.

मॅजिस्ट्रेटने मामाजीला विचारले, "हा अंगठा तुझा?"

"माहाच हाये."

"यात लिहिले आहे की उन्हाळ्यात मासे डोहातून बाहेर जाऊ शकत नाहीत. हे खरे आहे?"

"कोठी जातीन साहेब? पाय हायेत का त्याइले?"

कोर्टात हशा पिकला. मामाजीही किंचित हसला. त्याला वाटले, आपले बोलणे साहेबाला आवडले.

शिक्षा कोर्ट उठेपर्यंतच्या कैदेची झाली. लोक म्हणाले, काहीच नाही, सुटला. तो कोपऱ्यात संध्याकाळपर्यंत बसून राहिला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शिपाई सांगत होता की हा मासोळीचोर. जप्त मुद्देमालाच्या यादीत कारकुनाने लिहिले: बांबूची काठी एक, गरी एक, लाकडी फुले तीन. मी उठून म्हणालो की ती लाकडी नाहीत, भेंडाची आहेत, नोंद दुरुस्त करावी. कारकून म्हणाला, "तुम्ही खाली बसा." मी बसलो. त्या दिवशी मी एवढीच एक हरकत घेतली, हे इथे नमूद करतो.

पुढच्या चैत्रात पट्ट्याची मुदत संपत आली त्या दिवसांत ठेकेदाराने खडीसाठीचा सुरुंग डोहात उडवला. आवाज मला तिकडे जात असताना वाटेत ऐकू आला. मी पोचलो तेव्हा सारा डोह पांढरा दिसत होता. उलटलेली पोटे आणि मोहफुले एकमेकांत मिसळून काठाला लागली होती. बोटभर लांबीची पिलेही होती. त्याच्या माणसांनी मोठे मासे वेचले, उरलेले तसेच टाकले. पुढे चार दिवस दुर्गंधीमुळे मोह वेचायला कोणी बाई तिकडे फिरकली नाही.

ती पाच घरे हळूहळू पांगली. दोन नवेगाव बांधाला गेली, तिथे मोठे तळे आहे. मामाजी गेला नाही. तो रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागला, त्याच ठेकेदाराच्या हाताखाली.

त्यानंतर मी जी पत्रे लिहिली त्यांची मोजदाद मी ठेवलेली नाही. फेरतपासणीचा अर्ज, निस्तार नोंदीचा दुसरा अर्ज, सुरुंगाविरुद्ध तक्रार, तक्रारीचे स्मरणपत्र, स्मरणपत्राचे स्मरणपत्र. पोच बहुतेकांची आली. मग राज्याची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानी राहिले नाही, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. माझ्या कागदांची मिसल कोणत्या राज्याच्या वाट्याला आली हे कोणालाच सांगता येईना. एका कचेरीने लिहिले, कागद तिकडे पाठवला आहे. तिकडून आले, असा कागद मिळालेला नाही. मी सारे पुन्हा लिहून पाठवले, अकराच्या अकरा परिच्छेद. फक्त सातवा गाळला. मग गाळणे हा कबुलीजबाब ठरेल असे वाटून, मूळ अर्जाशी इमान राखून, तोही घातला.

या काळात मी डोहावर क्वचितच गेलो. मामाजी कधी बाजारात दिसे, मान हलवी, थांबत नसे. मामी मात्र एकदा थांबली. म्हणाली, "बाबू, तू अजून लिवूनच राहिलास म्हनते?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "काऊन?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली.

महाराष्ट्र राज्य होणार म्हणून सगळीकडे घोषणा चालू होत्या त्या चैत्रात हुकूम आला. अर्जदार व त्याचे वंशज यांचा सदर डोहात फाल्गुन-चैत्र या काळात गरीने मासे धरण्याचा वहिवाटी हक्क मान्य करण्यात येत असून डोह लिलावाच्या यादीतून वगळण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, डोहाचा नंबर, आणि अर्जदाराच्या अंगठ्यासह पोचपावती परत करावी अशी सूचना. माझ्या बाजूने लागलेला हा पहिलाच निकाल. त्यात एक अक्षरही चुकीचे नव्हते.

मामाजी घरी नव्हता. मामीने डोहाकडे बोट दाखवले.

तो पाण्यात कमरेपर्यंत उभा होता. हातात बांबूची टोपली होती आणि तिने तो पाण्यावरची मोहफुले गोळा करत होता. फुले दाट साचली होती, काही काळी पडली होती. कुठेही वर्तुळ उमटत नव्हते. मी काठावरून हुकूम वाचून दाखवला. त्याने टोपली स्थिर धरून शेवटपर्यंत ऐकले.

"त्यात मासोऱ्या किती लिवल्या हायेत?" त्याने विचारले.

"संख्या लिहीत नाहीत. हक्क लिहितात."

"मंग हा हक कोठी ठेवू, सांग. टोपलीत ठेवू का मोवासंगं?"

"मामाजी, मासे पुन्हा येऊ शकतात. पावसाळ्यात खालून चढतात. दहा वर्षे लागतील कदाचित."

"मी दहा साल जगून राहिलो का?"

मी पोचपावती आणि शाईची डबी पुढे केली.

"अंगठा नाई देत."

"हा हुकूम तुमच्या बाजूचा आहे."

"मांगचा कागदबी माह्याच बाजूचा होता. तूच म्हनलं होतंस."

तो हे रागाने बोलला नाही. मी खडकावर बसलो आणि नियमाप्रमाणे पोचपावतीवर लिहिले: 'समक्ष वाचून दाखवला. घेण्यास नकार.' खाली साक्षीदार म्हणून सही केली. हुकूम घडी करून खिशात ठेवला आणि काठ चढू लागलो, तेव्हा त्याने मागून हाक मारली.

"बाबू, त्या कागदावर डोहाचा लंबर हाये का?"

"आहे."

"थो खोडून टाक."

मी सांगितले की सरकारी कागदावर खाडाखोड करता येत नाही. त्याने टोपली पुन्हा पाण्यात घातली.